सपाट पाठीची फुलदाणी

चीन देशातल्या एका गावात चाओ नावाचा एक चितारी राहत होता. गाव भट्ट्यांचं. तिथे सम्राटासाठी चिनी मातीची भांडी घडत आणि चाओ त्यांवर मिन्याच्या, म्हणजे भट्टीत काचेसारख्या चकाकणाऱ्या रंगांनी फुलं-पाखरं काढी. रंगवलेलं भांडं पुन्हा भट्टीत जाई. तिथे एखादं तडकलं, तर कामगार ते फोडून गावाबाहेर पुरत आणि म्हणत, हा अग्नीचा वाटा. त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नसे. चाओचा तोरा मात्र वेगळा होता. आपल्या हातचं भांडं अग्नी खात नाही, असं तो चारचौघांत सांगत फिरे.

एकदा राजवाड्यातून हुकूम आला. सम्राटाच्या पालखीत, आतल्या फळीवर टांगायला एक फुलदाणी हवी होती. अशा फुलदाणीचं पोट फुगीर असतं आणि ती फळीला चिकटून बसावी म्हणून पाठ सपाट असते. चाओने जीव ओतून तिच्यावर गुलाबी शेवंती रंगवली. भट्टीतून ती निघाली तेव्हा पुढून अशी देखणी, की दृष्ट काढावी. मग चाओने ती उलटी करून पाहिली. पाठीला केसाएवढा तडा गेला होता.

"फोडून टाका आणि दुसरी करा," बायको म्हणाली. पण आजवर मारलेल्या बढाया आडव्या आल्या. लोक हसतील या धास्तीने त्याने तड्यात पांढरं मेण भरलं, वरून रंगाचा हात फिरवला आणि फुलदाणी पाठवून दिली. पाठ कोण बघायला बसलंय?

झालं भलतंच. फुलदाणी सम्राटाला इतकी आवडली, की त्याने चाओलाच बोलावून घेतलं. रोज सकाळी तिच्यात पाणी भरून ताजी फुलं ठेवायची आणि सगळं ठीक आहे असं सम्राटाला सांगायचं, हे त्याचं काम ठरलं. गावाने त्याला वाजतगाजत निरोप दिला. चाओ मात्र मान खाली घालून चालत राहिला.

म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. भोई जरा ठेचकाळला, की चाओ फुलदाणीकडे झेप घेई. पालखीच्या कारभाऱ्याने सहज हाक मारली, तरी त्याला वाटे, आता पकडलो गेलो. गळू नये म्हणून तो घोटभरच पाणी घाली, तर फुलं दुपारीच माना टाकत. कारभाऱ्याने दम भरला, तेव्हा तो काठोकाठ पाणी भरू लागला आणि तिच्या बुडावर नजर ठेवून दिवसभर पालखीबरोबर धावू लागला. राजवाड्यातलं अन्न त्याला मातीसारखं लागे आणि रात्री डोळा लागत नसे. सांगून टाकावं, असं रोज मनात येई. पण मग कालच का नाही सांगितलंस, असं विचारतील, या भीतीने तो सांगणं उद्यावर टाकी. दिवस जात होते, तसतसं सांगणं अवघड होत होतं.

हिवाळा आला. सेवकांनी पालखीत ऊब राहावी म्हणून शेगडी ठेवली, ती नेमकी फुलदाणीखाली. चाओला सगळं दिसत होतं, पण शेगडी हलवा म्हणावं तर कारण विचारतील, म्हणून तो नुसता पालखीबरोबर चालत राहिला. वाटेत मेण पाघळलं आणि गार पाणी सम्राटाच्या अंगरख्यावर ओघळलं. पालखी थांबली. सम्राटाने स्वतः फुलदाणी काढून तिची पाठ पाहिली.

चाओ धुळीत आडवा पडला. आपली मान आता धडावर राहत नाही, असं त्याला वाटलं. "महाराज, तडा पहिल्या दिवसापासूनच होता. मीच तो लपवला," तो कसाबसा म्हणाला.

सम्राटाचा आवाज चढला नाही. "तड्याचं काय एवढं? भांडी तडकतातच. पण तू रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून सगळं ठीक आहे असं सांगत होतास. आता तू साधा पाण्याचा पेला दिलास, तरी तो मला आधी दुसऱ्याला पाजावा लागेल. घरी जा."

चाओ घरी आला. बायकोने वाढलेला भात तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला, आणि हात धुता धुता त्याला रडू कोसळलं. ज्या शिक्षेच्या भयाने तो झुरत राहिला, ती कुणी देणारच नव्हतं. जी मिळाली, ती त्याने स्वतःच रोज सकाळी थोडी थोडी ओढवून घेतली होती.

तात्पर्य: चूक कबूल केली तर चूकच पदरी पडते, झाकली तर आधी झोप जाते आणि मग विश्वास.