सगुणा कासारीण मुखत्यार होते

“ज्या हातानं करार केला, त्याच हाताची सही हवी. दुसरा हात चालणार नाही!” निंबगडचे हंबीरराजे म्हणाले, आणि समोरचं मुखत्यारपत्र त्यांनी मुंग्या लागल्यासारखं एका बोटानं दूर ढकललं.

पत्र आणलं होतं सगुणा कासारणीनं. तिच्या भाचीनं, शाल्मलीनं, राजांसाठी कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. कुणाच्या शेताला कधी पाणी सुटणार हे आता संगणक सांगे, त्यामुळे कालव्यावरची डोकेफोड थांबली होती. शाल्मली कुणाचीच नोकर नव्हती. आज या राज्याचं काम, उद्या त्या राज्याचं. मनाला येईल तिथलं आणि मनाला येईल तेवढंच. राजांना हेच खुपत होतं. एवढी हुशार पोर आपल्याच पदरी असावी म्हणून त्यांनी करारात एक मेख मारून ठेवली होती. ठरल्या दिवशी दरबारात सही करून काम सोपवलं नाही, तर शाल्मली जन्मभर दरबारची चाकर!

ठरलेला दिवस आजचाच होता, आणि शाल्मली कालच तिकडे दूर सासरी बाळंत झाली होती. दिवस भरत आले तेव्हाच तिनं आत्याच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवलं होतं.

दिवाणांनी ते वाचून दाखवलं. “माझी आत्या सगुणा माझ्या वतीनं जे करील, ते मी स्वतःच केलं असं समजावं.”

“समजावं?” राजे म्हणाले. “दुसऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही काही समजत नसतो.”

हे मात्र खरं होतं. दिवाणांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

“म्हाराज, ओली बाळंतीण हाय पोर,” सगुणा म्हणाली. “तिला काय पाटीत घालून आणू?”

“ते तुझं तू बघ. पण आम्ही अन्यायी नाही. दिवस मावळायच्या आत एक उदाहरण दे. माणूस जागेवर नव्हता, त्याचं काम दुसऱ्यानं उरकलं, आणि ते पक्कं ठरलं. मात्र उदाहरण असं हवं, की आम्हांला ‘नाही’ म्हणता येऊ नये.”

दरबारात खसखस पिकली. ‘नाही’ हा राजांचा लाडका शब्द. न्याहारीला थालीपीठ करू का विचारलं, तर आधी ‘नाही’ म्हणायचे आणि मग तीन खायचे.

आईविना पोर सगुणेनंच लहानाची मोठी केली होती. ती आता जन्मभर इथं मान खाली घालून बसणार, या विचारानं तिला रडूच यायला लागलं. पण रडून हातात बांगडी चढत नाही, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

“तुमचा वकील शेजारच्या राज्यात तुमच्या वतीनं बोलतोय की.”

“नाही. तो नुसता बोलतो. शिक्का आम्ही मारतो.”

“देवळात गुरव तुमच्या नावानं अभिषेक करतोय. पुण्य तुमालाच मिळतंय न्हवं?”

“नाही. मिळालेलं कुणी पाहिलंय?”

राजांनी विजयी मुद्रेनं मिशीला पीळ दिला. सगुणेची नजर बाजूच्या चिकाच्या पडद्याकडे गेली. त्यामागे राणीसाहेब बसल्या होत्या. ती जराशी हसली.

“मग म्हाराज, एक वाईट बातमी हाय.”

“कसली?”

“तुमी बिनलग्नाचे हाय.”

दिवाणांच्या हातातलं मुखत्यारपत्र खाली पडलं.

“राणीसायबांच्या हातात लग्नाचा चुडा म्याच भरला,” सगुणा शांतपणे म्हणाली. “समद्या मांडवात नवरदेव काय दिसंना. तुमी म्हनं मोहिमेवर व्हता. तुमच्या जागी पाटावर तुमची तलवार, त्यो खांडा, उभा केला. अंतरपाट खांड्याम्होरं धरला, माळ खांड्याला घातली, अक्षता खांड्यावर पडल्या. आता दुसऱ्यानं केलेलं काम पक्कं नसंल, तर राणीसायबांचा नवरा त्यो तिकडं खुंटीला टांगलाय. मग तुमी कोन?”

राजांचं तोंड उघडलं. सवयीनं ‘ना’ ओठांवर आलाही. तेवढ्यात चिकामागून बांगड्या वाजल्या.

“म्हणा की,” राणीसाहेब म्हणाल्या. “‘नाही’ म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. मी आपली खुंटीखाली पाट मांडून बसते. आणि मोहीम कसली गं, सगुणे? स्वारींना गालगुंड झालं होतं. गाल एवढे फुगले होते, की मुंडावळ्या बांधायला जागा उरली नव्हती.”

राजांचे गाल आत्ताही फुगले, पण ते हसू दाबल्यामुळे. मग ते काही दाबलं जाईना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत राजे हसले आणि त्यांच्यामागे सगळा दरबार हसला.

“झालंय!” ते कसंबसं म्हणाले. “आमचं लग्न झालेलं आहे! दिवाण, मुखत्यारबाईंना दौत-लेखणी द्या.”

सगुणेनं ‘शाल्मलीकरिता सगुणा’ अशी टपोरी सही ठोकली. राजांनी चाकरीचं कलम स्वतःच्या हातानं खोडलं, गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून सगुणेच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, “हा बाळाला. आणि बारशाला आम्ही येणार, असं शाल्मलीला सांग.”

“या की,” सगुणा म्हणाली. “पर सोता या, म्हाराज. खांडा धाडू नका, लेकरू भिईल.”