खुंटीवरचा पोहरा

“मग चूक कुणाची, ते तरी सांगाल की नाही?”

सुभानरावांनी पुन्हा विचारलं, आणि आधीपेक्षा मोठ्यानं. गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याला पट्ट्याच्या आवाजावर ओरडायची सवय असते, हे मान्य. पण हा माणूस मठात येऊनही गिरणी चालू असल्यासारखाच बोलतो.

मठ सांभाळणाऱ्या सोनामाई वाती वळत होत्या; कापूस पिंजून द्यायला मी शेजारीच. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी बिघडलं काय, ते सांग.”

“अनुसयाकाकूंचा उपवास मोडला, माई! एकादशीचा! वरईचं पीठ म्हणून आमच्याकडून नेलं. भाकरी खाऊन झाली, आणि मग सुनेच्या लक्षात आलं, पिठात ज्वारी आहे. काकूंनी डबा आणून माझ्या ओट्यावर पालथा केला. एक शब्द बोलल्या नाहीत. सगळा बाजार बघत होता.”

“मग?”

“मग काय! लिंबाजीला हाकलला. तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत. इतकी वर्षं माझं जातं चालवतोय, आणि ज्वारीवर वरई टाकतो? आदल्या दळणाचं पीठ जात्यात राहतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आधी उपवासाचं, मग गहू, मग ज्वारी-बाजरी. एवढं साधं आहे.”

“लिंबाजी आता काय करेल?”

“मला काय माहीत? गावात दुसरी गिरणी नाही. या वयात त्याला कोण ठेवतंय? बसेल घरी.”

हे त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. माईंच्या बोटांतली वात मात्र तुटली. त्यांनी दुसरी घेतली.

“रोज असंच दळता का रे? आधी उपवासाचं, मग गहू?”

“रोज कसं जमेल? धंदा आहे, माई. कुणी ओळखीचं येतं, कुणाला घाई असते. मागंपुढं करावं लागतं. ते मी सांगतो ना! हा डबा घे, तो राहू दे. माझ्यावाचून तिथं पान हलत नाही.”

“त्या दिवशी काय सांगितलं होतंस?”

“वकिलांची ज्वारी आधी काढ म्हटलं. त्यांच्याकडे पाहुणे होते. आणि मी जरा एका साखरपुड्याला गेलो.”

“आणि वरईचा डबा?”

“रांगेत होता की. पुढचाच.”

“मग त्यानं विचारायचं कुणाला?”

“विचारायचं काय त्यात! रोज तेच चालतं त्याचं. मालक, आता कोणतं? मालक, हे घेऊ का? डोकं उठवतो. मी म्हणतो, अक्कल गहाण टाकलीस का?”

“विचारलं तर बिनडोक. नाही विचारलं तर गुन्हेगार,” माई म्हणाल्या. “बरंय तुझं.”

त्या उठल्या.

मठाच्या विहिरीवर लाकडी खांब आहे आणि खांबाला खुंटी. दोरासकट पोहरा त्या खुंटीला टांगलेला असतो. येणारा-जाणारा तो काढतो, पाणी शेंदतो, परत टांगतो. कुणी कुणाला काही विचारत नाही.

माईंनी पोहरा काढला, दोर गुंडाळला, दोन्ही आपल्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. मग येऊन पुन्हा वाती वळायला बसल्या.

सुभानराव बोलतच राहिले. लिंबाजीच्या बापाच्या चुकाही त्यांनी काढल्या. ऊन तापलं. घसा कोरडा पडला, तेव्हा कुठं ते उठले आणि विहिरीकडे गेले.

“पोहरा कुठाय?”

माईंनी पुढची वात वळायला घेतली.

तेवढ्यात एक बाई मेंढरं घेऊन आली. जनावरांच्या माना खाली गेल्या होत्या. तिनं खुंटीकडे हात नेला आणि तो हात तसाच राहिला.

“माय, पोहरा कुनी नेला?”

“मला विचार,” माई म्हणाल्या. “मनात आलं तर देईन. आत्ता मी कामात आहे.”

“आगं म्हातारे, चळ लागला का तुला? जित्राबं मरायला टेकली माझी!”

“ओरडू नकोस. पाण्याला आलीस, आणि एवढी अक्कल नाही?”

बाईनं खुंटीवरचा हात खाली घेतला. सुभानराव मात्र भडकले.

“माई, हा काय खेळ लावलाय! मुकी जनावरं ताटकळलीत. पोहरा खुंटीलाच पाहिजे!”

“कुणी सांगितलं?”

“सांगायचं कशाला? जो येईल त्याला दिसतो. पाणी काढायला काय दर वेळी तुम्हाला विचारायचं?”

“विचारायचं. माझ्यावाचून इथं पान हलत नाही.”

...

मेंढरं ओरडत होती. सुभानराव रिकाम्या खुंटीकडे बघत राहिले. गिरणीचा पट्टा निसटला की जातं असंच थांबतं.

माईंनी कडी काढली, पोहरा आणला आणि त्यांच्या पायाशी आदळला.

“शेंद.”

त्यांनी शेंदलं. मेंढरं पाणी प्यायली, बाई प्यायली. स्वतः प्यायचं त्यांना सुचलं नाही. बाई जाता जाता माईंकडे रागानं बघून गेली. तिचं बरोबरच होतं.

“जातो, माई,” सुभानराव खालच्या आवाजात म्हणाले. “लिंबाजीला परत बोलावतो. माफ केलं त्याला.”

“माफ?”

माईंचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“तू माफ करणार? त्याला? आधी अनुसयेच्या दारात जा. तुमचा उपवास मी मोडला म्हण. मग लिंबाजीच्या दारात जा, आणि त्याच्या बायकोसमोर तेच म्हण. बाजारादेखत हाकललास ना? बाजारादेखत घेऊन ये.”

सुभानरावांनी मान खाली घातली. ओला पोहरा त्यांच्या हातातच होता. दोराचं पाणी धोतरावर गळत होतं.

“आणतो. पण माई... तो आल्यावर पुन्हा असं व्हायला नको. त्याला काय सांगू?”

माईंनी त्यांच्या हातातून पोहरा हिसकावला आणि खुंटीला टांगला.

“त्याला काही सांगू नकोस. आधी कोणतं, मग कोणतं, ते गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला दिसू दे. खुंटी ठोक.”