आडव्या सायकली, खाली शेंग

एक होती खार. इवलीशी. शेपूट मात्र ही एवढी! झुपुक झुपुक.

तिची होती एक शेंग. भुईमुगाची. भाजलेली. खमंग!

खारीनं शेंग कुठं ठेवली? पिकअप गाडीत, मागच्या हौद्यात. ठेवली नि गेली पाणी प्यायला.

तेवढ्यात आला हैबतीमामा. गाडी त्याचीच. रोज तिच्यात कोबी भरायचा. आज होत्या सायकली. डोंगरावर पळवायच्या. जाड जाड चाकांच्या. मामानं काय केलं? कोबी रचतात तशा सायकली रचल्या! आडव्या! हिच्यावर ती. तिच्यावर ती. धाड! खण्! खडाम!

"हौसाआत्या, चहा टाक गं!" मामा ओरडला. "चहा पितो नि सुटतो."

खार आली. तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर काय? शेंग सायकलींच्या खाली! ओढली. निघेना. परत ओढली. निघेना!

आता गाडी गेली की शेंग पण गेली. घाटात. वर. लांऽऽब!

"सायकलींनो सायकलींनो, उभ्या राहा की!"

"आम्ही नाय राहणार."

"का बरं?"

"गाडी हलली की आम्ही धडाम! दोरी आम्हाला धरेना."

"असं होय!"

तुरुतुरु तुरुतुरु. खार गेली दोरीकडं. दोरी हौद्याच्या कोपऱ्यात वेटोळं करून बसलेली.

"दोरीबाई दोरीबाई, सायकलींना धर की!
सायकली उभ्या राहीनात,
माझी शेंग मला मिळेना!"

"मी नाय धरणार."

"का बरं?"

"गाडीचा मागचा फाळका बघ. त्याची कड टोचते मला. गोधडी फाळक्यावर येईना."

"असं होय!"

तुरुतुरु तुरुतुरु. खार गेली गोधडीकडं. गोधडी आत्याच्या चहाच्या टपरीत, बाकड्यावर.

"गोधडीबाई गोधडीबाई, फाळक्यावर ये की!
दोरी सायकलींना धरेना,
सायकली उभ्या राहीनात,
माझी शेंग मला मिळेना!"

"मी नाय येणार."

"का बरं?"

"कोण बसलंय माझ्यावर? बघ की! बोका उठेना."

"असं होय!"

खार चढली बाकड्यावर. लांबच उभी राहिली हां. बोकाच तो!

"बोकोबा बोकोबा, ऊठ की!
गोधडी फाळक्यावर येईना,
दोरी सायकलींना धरेना,
सायकली उभ्या राहीनात,
माझी शेंग मला मिळेना!"

घुर्र घुर्र. बोक्यानं डोळा उघडला. एकच.

"मी नाय उठणार."

"का बरं?"

"आत्या दुधाला बोलवेना."

"असं होय!"

तुरुतुरु तुरुतुरु. खार गेली आत्याकडं.

"आत्या आत्या, बोक्याला बोलव की!
बोका उठेना,
गोधडी फाळक्यावर येईना,
दोरी सायकलींना धरेना,
सायकली उभ्या राहीनात,
माझी शेंग मला मिळेना!"

"मी नाय बोलवणार."

"का बरं?"

"दूध काय तुझ्या डोक्यावर ओतू? बशी कुठंय? मामा बशी सोडेना."

"असं होय!"

म्हणजे मामाची बशी नि बोक्याची बशी एकच! शूऽऽ! मामाला सांगू नको.

तुरुतुरु तुरुतुरु. खार गेली मामाकडं.

"मामा मामा, बशी सोड की!
आत्या बोक्याला बोलवेना,
बोका उठेना,
गोधडी फाळक्यावर येईना,
दोरी सायकलींना धरेना,
सायकली उभ्या राहीनात,
माझी शेंग मला मिळेना!"

"मी नाय सोडणार."

"का बरं?"

"चहा निवेना! हाऽऽ हाऽऽ! भाजली बघ जीभ!"

"असं होय!"

आता कुणाकडं जायचं? वाऱ्याकडं? वारा गेला जेवायला. खारीनं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. मग मागं बघितलं. मागं काय होतं?

शेपूट!

झुपुक झुपुक. झुपुक झुपुक. खारीनं चहाला वारा घातला.

चहा निवला.
मामानं प्यायला. फुर्रर्र!
मामानं बशी सोडली. मिशी पुसली. चावी काढली. आता गाडी निघणार! पळ पळ पळ!
आत्यानं बशीत दूध ओतलं. बोक्याला बोलवलं. "ये रे ढेरपोट्या!"
बोका उठला. टुण्!
गोधडी फाळक्यावर आली. भप्प!
दोरीनं सायकलींना धरलं. गच्च!
सायकली उभ्या राहिल्या. खण् खण् खण्! पुढची चाकं फाळक्याच्या बाहेर, मागची चाकं आत.
आणि खाली?

शेंग! खारीनं तोंडात धरली नि टुण्! झाडावर!

मामा आला. बघतच राहिला.

"आत्या, सायकली कुणी गं उभ्या केल्या?"

"मला काय माहीत! तू तुझा कोबी रच."

मामानं सायकल हलवली. हलेना. परत हलवली. हलेना!

"अबब! बरं झालं की!"

घर्रर्र घर्रर्र. गाडी निघाली. वळणावर गाडी डुलली. मामा डुलला. सायकली नाय डुलल्या.

आणि खार? झाडावर बसली. शेंग फोडली. कुटुक! कुडुम कुडुम कुडुम. अजून तिच्या शेपटीला चहाचा वास येतो.

चल, पड आता आडवं.

थांब थांब! तुझ्याखाली कुणाची शेंग नाय ना?

ऊठ. बघ बरं!