पदी धवलारणीची हाक

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, आणि खारकोंड गावाच्या तिन्ही बाजूंनी मिठागरं होती. उन्हाळ्यात लांबून बघावं तर गाव चांदीच्या ताटात ठेवल्यासारखं दिसायचं. त्या गावात पदी नावाची धवलारीण होऊन गेली.

धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. पण नुसती गाणारी नव्हे. त्या काळी आगरी माणसांच्या घरात भटजी आला नाही तरी लग्न अडत नसे, धवलारीण आली नाही तर मात्र अडायचं. हळद तिच्या गाण्यानं लागायची, माळ तिच्या गाण्यानं पडायची, आणि मुलगी सासरी जायची तीही तिच्याच गाण्यानं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. पदीची आई कान्हीबाय खारकोंडची धवलारीण होती. ती खाडीच्या मुखाकडच्या जांभारी गावातून लग्न होऊन आली आणि येताना तिकडचे धवले गळ्यात घेऊन आली.

मुलीची होडी निघाली की कान्हीबाय बांधावर उभी राहून म्हणायची,

ओहोटी लागली बाय गो, होडी सुटली काठाशी,
आयसची माया बाय गो, ठेव बांधून गाठीशी.

होडी लांब जायची, लोक डोळे पुसत घरी वळायचे. कान्हीबाय मात्र पाण्याकडे तोंड करून एकटीच मागं थांबायची. तिचे ओठ हलताना छोट्या पदीनं पाहिले होते. तिला वाटायचं, आई रडते आहे.

मग एका वर्षी पटकीची साथ आली. घराघरातून माणसं गेली, आणि कान्हीबायही अंथरुणाला खिळली. पदी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. आईनं तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "पदे, पाठवणीचा धवला अर्धाच दिलाय गो तुला. बांधावरचं राहिलं." पदीनं कान आईच्या तोंडाशी नेला. पण पुढचे शब्द आलेच नाहीत.

पदी धवलारीण झाली. गळा असा, की असं म्हणतात, ती हळदीला गायला बसली की मिठागरातला पाणकावळा पंख मिटायला विसरायचा आणि पल्याडचे नावाडी वल्ही धरून थांबायचे. पण पाठवणीला ती अर्धं म्हणायची आणि गप्प व्हायची. त्यानंतर गावानं एक गोष्ट पाहिली. खारकोंडहून गेलेली मुलगी माहेरी येईना. कुणी निघाली की वारा फिरायचा, कुणाची होडी गाळात रुतायची, कुणी ऐन निघताना आजारी पडायची. म्हातारी माणसं म्हणू लागली, "खाडीला न्यायला सांगितलं, आनायला कुणी सांगितलंच नाय."

अशात पदीच्या धाकट्या बहिणीचं, येसूचं लग्न ठरलं. आई गेल्यावर पदीनंच तिला वाढवलेलं. पदीनं हळदीपासून सगळे धवले गायले आणि शेवटी बांधावर आली. अर्धं म्हणून झालं. होडीतून येसूनं विचारलं, "पुढं गो, बाय?"

"पुढचं मी आनीन," पदी म्हणाली. "तू जा."

होडी गेली. तीन पावसाळे गेले आणि येसू आली नाही. तेव्हा पदीनं घराला कडी घातली आणि धवल्याचा उरलेला भाग शोधायला निघाली.

खाडीच्या दोन्ही काठांनी ती गावोगाव फिरली. गाणं मागून मिळत नाही, हे तिला पहिल्याच गावात कळलं. बाया म्हणायच्या, "आमाला काय येतंय?" आणि कामाला लागायच्या. मग पदीही त्यांच्यासोबत कामाला लागायची. मिठागरात फळीनं मीठ ओढायची, भात लावायची, सुक्या बोंबलांच्या काठ्या उतरवायची, रडणारी पोरं खांद्यावर घ्यायची. हात कामात गुंतले की बायांचे गळे आपोआप सुटत. एक गाणं घेतलं की ती एक देऊन यायची, कुणाचं फुकट ठेवलं नाही. नांगराची गाणी, जाळं विणायची गाणी, बाळंतिणीची, देवीच्या पालखीची, मेलेल्याला शेवटचं न्हाऊ घालतानाची. असं म्हणतात, तिच्या गळ्यात इतकी गाणी साठली की ती झोपेत कुशीवर वळली तरी एखादी ओळ बाहेर सांडायची आणि घरधनीण सकाळी ती गुणगुणत उठायची.

पण तिला हवी ती ओळ कुठेच मिळेना. केस पिकायला लागले तेव्हा ती फिरत फिरत आईच्या माहेरी, जांभारीला पोचली. तिथं आता धवले कुणी म्हणत नाही असं ऐकल्यानं ते गाव तिनं शेवटी ठेवलं होतं. तिथं जोमीबाय नावाची म्हातारी होती. कान्हीबायला धवले शिकवले ते तिनंच. पण आता जोमीबाय गात नव्हती, आणि तिच्या अंगणात कुणी गुणगुणलेलंही तिला चालत नव्हतं.

पदीनं तिचे पाय धरले. "आयसनं अर्धंच दिलं. उरलेलं तुमच्याकडं हाय."

"हाय," जोमीबाय म्हणाली. "आनि माझ्यासंगतीच जाईल."

"माझी बहीन तिकडं अडकलीय, आये."

म्हातारीनं तिला पायांवरून उठवून समोर बसवलं. मग म्हणाली, "ऐक. माझी एकच पोर व्हती. सासरी गेली तेवा मी बांधावर ते पुरं म्हटलं. पान्याला सांगितलं, माझी पोर मना परत आन. पान्यानं आनली गो. तिसऱ्या भरतीला आनली. डोळं मिटलेली, केसांत शेवाळ. पानी दिला शब्द पाळतं, पन कशी आनील ते नाय सांगत."

पदी तिथून उठली नाही. ती जोमीबायकडेच राहिली. पाणी भरायची, चूल पेटवायची, म्हातारीचे पाय चेपायची, पण गाण्याचं नाव काढायची नाही. एक पावसाळा असाच सरला. एके सकाळी अंगण सारवता सारवता पदी पाठवणीचा धवला म्हणू लागली. अर्धं झालं. मग ती थांबली नाही. आपल्या मनानं पुढं जुळवून म्हणू लागली,

भरती आली बाय गो, नदी गेली दर्याला...

"तसं नाय!" ओट्यावरून जोमीबाय ओरडली. "नदी कुठून काढलीस? माझं गानं नासवतेस?" आणि रागाच्या भरात तिनं तोंड उघडलं.

भरती आली बाय गो, पानी लागलं दाराला,
आयस हाका मारी गो, ये गो तुज्या घराला.

म्हणून झालं आणि म्हातारी तोंडावर पदर घेऊन रडू लागली. पोर गेल्यापासून ती रडली नव्हती, असं म्हणतात. पदी शेणाच्या हातांनी तशीच तिच्याजवळ जाऊन बसली. काही म्हणतात, पदीनं मुद्दाम चुकीचं म्हटलं. काही म्हणतात, वाट पाहून थकलेल्या बाईला जे सुचलं ते तिनं म्हटलं. ते तिचं तिला ठाऊक.

जोमीबाय गेल्यावर तिचं सगळं नीट करून पदी खारकोंडला परतली. आता शब्द गळ्यात होते, पण ते उच्चारायचा धीर होईना. रोज भरतीला बांधावर जायची आणि मुकी परत यायची. जोमीबायच्या पोरीचे केस तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. येसू तिकडे आहे तोवर निदान जिवंत तरी आहे, असं तिला वाटायचं. मग एकदा पाणवठ्यावर एक म्हातारी तिच्याकडे बघून म्हणाली, "पदे, माझी पोर गेली तेवा मी तरनी व्हते. आता मना दिसत पन नाय. आली तरी हात लावूनच वळखीन." त्या दिवशी भर दुपारी, पाणी चढत असताना पदीनं डोळे मिटले आणि पूर्ण धवला म्हटला.

पहिल्या भरतीला कुणी आलं नाही. दुसऱ्या भरतीलाही नाही. तिसऱ्या भरतीला पल्याडून एक होडी येताना दिसली. होडीतली वल्ही आडवी पडलेली होती. नावाडी हात जोडून बसला होता. तरी होडी सरळ रेघ ओढल्यासारखी बांधाकडे येत होती. आणि तिच्यात येसू उभी होती. केस अर्धे पांढरे, अंगावर विधवेचं लुगडं, पण उभी होती.

"घागर भरत व्हते," येसू म्हणाली. "ऐकू आलं. घागर तशीच ठेवली नि निंगाले."

पदीनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, आंधळी माणसं चाचपतात तसा.

त्यानंतर एकेक करून गावच्या लेकी आल्या. पाणवठ्यावरच्या त्या म्हाताऱ्या आईला तिची पोर हातानं ओळखता आली. पदीनं ते शब्द लपवून ठेवले नाहीत. बांधावर गावच्या सगळ्या बायांना बोलावून शिकवले. "एकाच गळ्यात ठेवलं म्हनून हरवलं," ती म्हणाली.

पण फिरण्याची चटक लागलेले पाय घरात राहिनात. कुठे नवीन गाणं आहे असं कळलं की पदी निघायची. येसूचं सासरी कुणी उरलं नव्हतं, ती घरीच असायची. पदीला गेलेली बरेच दिवस झाले की येसू बांधावर जाऊन तिला हाक मारायची, आणि येत्या भरतीला पदी हजर. गावात हसायचे, "एक पळते, दुसरी ओढते."

एकदा पदी कुठल्याशा बेटावर गेली. तिथल्या बाया दर्यालाच अंगाई म्हणतात, असं तिनं ऐकलं होतं. ती गेली आणि इकडे येसूला ताप भरला. चार दिवसांत येसू गेली. गावानं तिचं सगळं केलं. पण पदीला हाक मारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शब्द सगळ्या बायांना येत होते, आणि प्रत्येकीला वाटलं, ते येसूचं काम. शिमग्याला होळीभोवती गाणी म्हणताना एक जण मध्येच थांबली. ती म्हणाली, "पदीबाय कुठं हाय गो?"

सगळ्या तशाच बांधाकडे धावल्या. भरती असेपर्यंत गायल्या, ओहोटी लागली तरी गायल्या. पदी आली नाही. कुणी म्हणतं, ती त्या बेटावरच राहिली. कुणी म्हणतं, ती निघाली होती, पण बोलावणं नसताना होडी कुठे यायचं ते विसरली. बेटाकडे जाणारे कोळी सांगतात, वारा पडला की पाण्यावरून बाईचा आवाज येतो, आणि गाणं दर वेळी निराळं असतं.

आता मिठागरं उरली नाहीत. खाडीवर पूल झाला. लेकी रिक्षानं येतात, मोटारीनं येतात, वाटेतून फोन करतात. तरी वैशाखी पुनवेला भर दुपारच्या भरतीला खारकोंडच्या बाया बांधावर जमतात. त्याला पदीचा बांध म्हणतात. आधी धवला होतो, मग गावाबाहेर दिलेल्या लेकींची नावं घेऊन हाका मारतात. ज्या लेकी मागंच उभ्या असतात, त्या हसत ओ देतात. ज्यांचं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही, त्यांची नावं सगळ्या मिळून घेतात.

सगळ्यात शेवटी पदीचं नाव घेतात. त्यानंतर कुणी बोलत नाही, पोरांनाही गप्प करतात. पल्याडून ओ यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ सगळ्या पाण्याकडे बघत उभ्या राहतात.