टुचीचं घर आणि तुरट पान

टुची होती एवढीशी. शिंपीण पाखरू. चोच तिची सुई.

बुटक्या जांभळीवर ती घर शिवत होती. पानाला पान, टुच टुच. अंडी घालायची होती ना.

तेवढ्यात आली शेळी. कुडुम कुडुम. एक पान गट्टम.

टुची म्हणाली, "शेळीबाई शेळीबाई, माझं पान खाल्लंस. बाकीची तरी सोड. अंडी ठेवू कुठे?"

शेळी म्हणाली, "पान लागतंय गोड. तुरट होईल, तेव्हा सोडीन."

टुची गेली पानाकडे. फुर्र फुर्र.

"पानताई पानताई, तुरट हो.
शेळी पान सोडेना.
अंडी ठेवू कुठे?"

पान म्हणालं, "मूळ रस देईल, तेव्हा होईन."

टुची गेली मुळाकडे. फुर्र फुर्र.

"मूळबाबा मूळबाबा, रस द्या.
पान तुरट होईना.
शेळी पान सोडेना.
अंडी ठेवू कुठे?"

मूळ म्हणालं, "घसा पडलाय कोरडा. विहिरीवरची भागामावशी पाणी घालेल, तेव्हा देईन."

तिकडे शेळी खातेच आहे. कुडुम कुडुम. पळ टुची, पळ!

विहिरीवर भागामावशी गोधडी वाळत घालत होती.

"मावशी मावशी, पाणी घाल.
मूळ रस देईना.
पान तुरट होईना.
शेळी पान सोडेना.
अंडी ठेवू कुठे?"

मावशी म्हणाली, "घालते गं बाई. पण माझी गोधडी उसवलीय. तेवढा टाका घाल."

टाका? अहो, ते तर टुचीचंच काम.

टुच टुच, टुच टुच. टाका बसला घट्ट.

मग काय, मावशीनं पाणी घातलं. घळघळ घळघळ.
मुळानं रस दिला. सुर्र सुर्र.
पान तुरट झालं.
शेळीनं पान चावलं. थू थू थू!

जीभ कोरडी, तोंड वाकडं. शेळी धावली शेजारच्या जांभळीकडे. पण वारा तिच्याआधी पोचला होता. खाल्लेल्या पानाचा वास त्यानं तिथे नेला होता. शेजारीण झाली सावध. तिचीही पानं तुरट.

थू थू थू!

टुची म्हणाली, "शेळीबाई शेळीबाई, माझं पान खाल्लंस. आता दाढीचा केस दे."

शेळीला "नाही" म्हणायचं होतं. पण तोंड उघडेचना.

टुचीनं केस ओढला. टुक! झाला दोरा. पानाला पान, टुच टुच. घर शिवून तयार. आत अंडी, गोल गोल.

शेळीला मिळालं तुरट पान,
टुचीचं घर झालं छान.