अर्ध्या दाढीचा हिशोब

"कर्जही फेडणार आणि खोलीही घेणार? एकाच वस्तऱ्याच्या कमाईत?" बहिरमशेट सावकार एवढा हसला, की तो थांबल्यावरही त्याचं पोट बराच वेळ हसत राहिलं.

समोर गोंदा न्हावी आणि त्याची बायको येसू उभी होती. गोंद्यावर शेटचं जुनं कर्ज. राहायला शेटच्याच तबेल्यामागची पडवी, तिचं भाडं वेगळं. घोडं शिंकलं की यांची चूल विझायची. इकडे राजाने पेठेत नवी तीनमजली माडी बांधली आणि तिच्यातल्या खोल्या विकायचं काम नेमकं बहिरमशेटलाच दिलं. येसूने माडी पाहिली त्या दिवसापासून तिला घोड्याचा वास जास्तच येऊ लागला होता.

"हिशोब सरळ आहे, शेटजी," येसू म्हणाली. "प्रत्येक कामाचं अर्धं तुमच्या कर्जाला, अर्धं खोलीला. इकडे केसभर जास्त नाही, तिकडे केसभर कमी नाही."

"कबूल," शेट म्हणाला. "पण चातुर्मास संपेल त्या दिवशी खोलीचा इसार माझ्या हातात हवा. रोख पंचवीस रुपये. नाही आले तर खोली गेली, आणि पडवीही रिकामी करायची."

तिघं राजापुढे गेले आणि तसं बोलून आले. राजाने मान डोलावली. राजांना मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी बहिरमशेटने व्रत धरलं: चातुर्मासात दाढी करायची नाही. मुनीमजींनीही करायची नाही. गडी, कुळं, मेहुणे, कोणीच नाही. अर्धी पेठ शेटची देणेकरी, तेव्हा तिलाही भक्तीचा उमाळा आला. बघता बघता बाजाराचा आश्रम झाला. लहान पोरं भलत्याच माणसाला बाबा म्हणून बिलगू लागली. वस्तरा गंजला. गोंदा शेजारच्या बोकडाकडे आशेने बघू लागला.

चातुर्मास संपला त्या सकाळी येसूने इसाराचं मडकं उपडं केलं. सहा आणे पडले, आणि एक झुरळ. झुरळ मेलेलं होतं.

"चला, सामान बांधू," गोंदा म्हणाला.

तेवढ्यात शेटचा गडी धावत आला. माडीच्या खोल्या विकल्याबद्दल दुपारी राजा दरबारात शेटला शेला पांघरवणार होता, आणि एवढ्या जंगलावर शेला शोभणार कसा? गोंद्याने लगेच यावं.

"सामान नका बांधू," येसू म्हणाली. "धोकटी घ्या. पाण्याची वाटी मी धरते."

गोंद्याने शेटचा उजवा गाल असा केला, की त्यावर माशी बसली असती तर घसरली असती. मग येसूने वाटीतलं पाणी अंगणात ओतलं.

"झालं. चला घरी."

"झालं? अगं, डावा गाल?"

"उजवा गाल कर्जाचा, शेटजी. तो तुमच्याकडे जमा. डावा खोलीचा. त्याचे रोख लागतील."

"घे मेले. किती?"

"पंचवीस रुपये."

शेटचा डावा गाल दाढीत असल्यामुळे लाल झालेला दिसला नाही, उजवा मात्र दिसला. त्याने पलीकडच्या आळीतल्या रंगा न्हाव्याला बोलावलं. रंगाने दारातूनच ते रूप पाहिलं, नमस्कार केला आणि तो माघारी फिरला. एकाने हात लावलेल्या तोंडाला दुसऱ्या न्हाव्याने हात लावायचा नाही, नाहीतर जातपंचायत वाळीत टाकते. ही रीत लहान पोरालाही ठाऊक होती.

"मी करू का?" मुनीमजींनी भीत भीत विचारलं. "घरात विळी आहे."

शेटने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मुनीमजी धान्याच्या कोठीत जाऊन बसले.

दरबाराचा नगारा वाजला. शेटने तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि तो तक्रार करायला धावत सुटला. मागोमाग गोंदा आणि येसू.

"काय शेट, दाढ दुखते का?" राजाने उपरणं ओढलं. उजवीकडून नवरदेव, डावीकडून गोसावी! प्रधान खांबामागे गेले. शेटने पंचवीस रुपयांचं गाऱ्हाणं सांगितलं. राजाने हसू गिळलं, कारण न्याय करायचा होता.

"बाई, अर्ध्याअर्ध्याचं मला आठवतंय. पण सगळी दाढी चार पैशांची. अर्ध्या दाढीचे पंचवीस रुपये कसे? पटवून दे, नाहीतर खोली विसर."

"शेटजींनाच विचारा, महाराज. यांची छोटीशी रक्कम चार महिने थकली, तर तिचं काय होतं?"

धंद्याची गोष्ट निघाली आणि शेटची जीभ सुटली. "काय होतं म्हणजे? व्याज चढतं. व्याजावर व्याज चढतं. उशिराचा दंड. तगाद्याला जाणाऱ्या गड्याच्या वहाणा झिजतात, त्या वेगळ्या."

"ऐकलंत?" येसू म्हणाली. "यांनी चार महिने दाढी थकवली. ती रोज वाढली, वाढीवर वाढली. उशिराचा दंड झाला. वस्तऱ्याची धार गेली, ती वेगळी. मी माझं काहीच लावलं नाही, महाराज. यांच्या तोंडचा दर यांच्या तोंडाला लावला."

राजा असा हसला, की मुकुट नाकावर आला. "शेट, तुझं व्याज आणि तिचं व्याज फिटंफाट! कर्जाचं मुद्दल माझ्या खजिन्यातून ने. विदूषकाला वर्षभर पगार देतो, पण मला असं हसू येत नाही. आणि येसू, माडीतली वरच्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली तुला बक्षीस. दोन खिडक्या आहेत."

शेट पुटपुटला, "महाराज, आता निदान डावा गाल तरी..."

"करू की," येसू म्हणाली. "कर्ज फिटलं, खोली मिळाली, अर्धंअर्धं संपलं. आता तुम्ही साधं गिऱ्हाईक. गालाचे दोन पैसे. आधी."

शेटने कनवटीला हात घातला. घाईत पैशाची पिशवी घरीच राहिली होती. सगळा दरबार बघत होता. तो अगदी हळू म्हणाला, "उधार ठेव."

"ठेवते की, शेटजी. व्याज मात्र तुमच्याच दराने."

राजा सिंहासनावर आडवा झाला. हसता हसता बोलता येईना, म्हणून खोलीची किल्ली त्याने नुसत्या हाताच्या खुणेनेच मागवली.