न आलेल्यांचे नारळ

एकदा एका वैद्यांच्या अंगणात नारळांचा एवढा ढीग साचला, की आल्यागेल्याला पडवीत शिरायला वाट उरली नाही.

त्या मुलखाची रीत अशी होती, की औषध घेताना कोणी काही द्यायचे नाही. गुण आला, की रोग्याने स्वतः यायचे आणि वैद्यांच्या उंबऱ्यावर एक नारळ ठेवायचा. वृद्ध वैद्यांच्या उभ्या हयातीत नारळ येत, पण ते आमटीभाजीत जिरून जाण्याइतकेच. या वर्षी मात्र सांधे धरणाऱ्या तापाची साथ आली. ताप उतरला तरी माणसाचे गुडघे, मनगटे, बोटे महिनोन्‌महिने आखडून राहत. वैद्यांच्या तरुण शिष्याने डोंगरातली एक कडू मुळी शोधली, तिचा काढा लोकांना दिला, आणि नारळ येऊ लागले. येतच राहिले. वैद्यांच्या घरी सकाळी खोबऱ्याची चटणी, दुपारी खोबऱ्याची आमटी आणि रात्री, जरा बदल म्हणून, खोबरे.

शिष्याला खोबरे फारसे आवडत नव्हते. ढीग मात्र आवडत होता. अभ्यासाला बसला तरी त्याची पाठ पुस्तकाकडे आणि तोंड अंगणाकडे असे.

त्याच्या आनंदाला आणखी एक कारण होते. त्याची थोरली बहीण, अक्का, नदीपलीकडच्या गावी त्याच तापाने आखडून पडली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. आता तिच्या हाताची मूठ मिटत नव्हती आणि उठायला दोन माणसे लागत. येत्या बाजाराच्या दिवशी तिला गाडीत घालून इकडे आणायचे ठरले होते. तिच्या वाट्याचा काढा शिष्याने बाटलीत भरून कोनाड्यात ठेवला होता.

अशात शहरातला एक व्यापारी आला. ढिगासमोर तो क्षणभर असा उभा राहिला, की आता हात जोडतो की काय असे वाटावे.

"वैद्यबुवा, बाटल्या मागवल्यात," तो म्हणाला. "वरच्या चिठ्ठ्या छापायला टाकल्यात. गावोगावच्या बाजारात माल पोचवतो. फक्त तुमचा होकार तेवढा पाहिजे."

"थोडं थांबा," वैद्य म्हणाले.

"थांबा? अहो, लोक अंथरुणात कण्हतायत आणि तुम्ही थांबा म्हणता? हा एवढा ढीग खोटा आहे का?"

"ढीग खरा आहे."

"मग?"

"ढीग खरा आहे, एवढंच म्हणालो."

व्यापाऱ्याने शिष्याकडे वळून आवाज खाली आणला, म्हणजे वैद्यांना नीट ऐकू जाईल इतपत ठेवला. "तुमचे गुरुजी जुन्या वळणाचे आहेत. असू द्या. बाजाराच्या दिवशी गाड्या घेऊनच येतो. चिठ्ठीवर नाव तुमचंच घातलंय."

तो गेल्यावर शिष्याला राहवेना. "गुरुजी, बाजाराच्या दिवशी अक्काही येतेय. तिलाही थांब म्हणू?"

"काढा दिला त्यांतले किती जण नारळ घेऊन आले?"

"पुष्कळ."

"आणि जे आले नाहीत?"

"ते बरे होऊन कामाला लागले असतील. लोक विसरतात, गुरुजी. कृतज्ञता कुठे राहिलीय आजकाल?"

"असेल," वैद्य म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. पण शिष्याच्या मनात तो प्रश्न खड्यासारखा रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यांनी बैलगाडी बोलावली आणि गाडीवानाकडून ढिगातले नारळ गाडीत भरून घ्यायला सुरुवात केली. शिष्याला वाटले, विकायला काढले. मग वाटले, देवाला वाहणार असतील.

"कुठे नेताय हे, गुरुजी?"

"ज्यांनी आणले नाहीत त्यांना द्यायला. बस गाडीत."

शिष्य बसला. गुरुजींचे वय झाले होते, ही गोष्ट आजवर त्याच्या लक्षात आली नव्हती, आता आली. गाडीवानानेही दोनदा मागे वळून पाहिले. बरे झालेल्याने वैद्याला नारळ द्यावा ही रीत त्याला ठाऊक होती. वैद्यांनी दारोदार नारळ वाटत फिरावे ही कुठल्या मुलखाची, हे त्याला कळेना.

पहिल्या घरी एक माणूस छपरावर चढून कौले चाळत होता. गाडी पाहताच तो शिडीवरून घाईघाईने उतरला आणि नारळांकडे पाहून ओशाळला.

"राहिलंच बघा माझ्याकडून. येणार होतो. पण तुम्ही वसुलीला एवढी गाडी घेऊन याल असं नव्हतं वाटलं."

"वसुली नाही रे. हा तुला आणलाय. सांधे कसे आहेत?"

"खणखणीत. छपरावरच होतो की."

शिष्याचा जीव भांड्यात पडला. ढिगात आणखी एकाची भर पडली, असे तो मनाशी म्हणाला.

"काढा पुरा घेतलास?" वैद्यांनी विचारले.

माणसाने एकदा शिष्याकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. "खरं सांगू? वासानेच उलटी झाली. मांडवावरच्या कारल्याच्या मुळाशी ओतला. मी आपला पडून राहिलो, आणि महिन्याभरात आपोआप सुटलो. म्हणून यायची लाज वाटली. नारळ तरी कशाचा आणू?"

"आणि कारलं?"

"ते तेवढं वाळलं."

गाडीवान हसला. शिष्याला हसू आले नाही.

दुसऱ्या घरी एक म्हातारी पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती. तिने काढा नेमाने घेतला होता, शेवटच्या घोटापर्यंत. गुडघे होते तसेच होते.

"मग आजी, सांगायला का नाही आलात?" शिष्याने विचारले. आवाज त्याला हवा होता त्याहून चढा निघाला.

"अरे लेकरा, गुण आला नाही हे सांगायला एवढ्या लांब कोण येतं? आणि कशावर येऊ, या गुडघ्यांवर?" म्हातारी म्हणाली. "शिवाय तू एवढ्या मायेने दिला होतास. म्हटलं, पोराला वाईट वाटेल."

गाडी पुढे निघाली. आता प्रत्येक दार दिसले, की शिष्याला वाटे ते बंद असावे. काही होतीही. काही घरी माणसे खरोखरच बरी होऊन विसरली होती. तिथून निघताना तो मोठ्याने बोले, आणि पुढचे वळण आले की गप्प होई.

ओढ्याकाठच्या एका घरासमोर एक माणूस दोर वळत बसला होता. त्याने उठून दोघांना घोंगडी अंथरली.

"तुमच्या मंडळींना काढा दिला होता," वैद्य म्हणाले. "कशा आहेत?"

"ती गेली की." माणूस शांतपणे म्हणाला. "पण तुमच्या औषधाला नावं ठेवायची नाहीत हां. लई गुण आला. चार-आठ दिवसांत उठून बसली, पाणी भरायला लागली. नारळसुद्धा आणून ठेवला होता तिने. म्हणायची, मी स्वतः चालत जाऊन देईन."

"मग?" शिष्याने विचारले.

"मग पाय सुजले. तोंड सुजलं. लघवी बंद झाली."

"आम्हाला का नाही कळवलंत?"

"तुम्हाला कशाला?" माणसाला प्रश्नच कळला नाही. "तुमच्याकडे सांध्यांचं औषध. सांधे तर सुटले होते. हे दुखणं वेगळं."

तो आत गेला, नारळ घेऊन बाहेर आला आणि शिष्याच्या पुढे धरला. "तिचा राहिला होता. बरं झालं तुम्ही आलात."

शिष्याने नारळ घेतला. तो खाली ठेवता येईना आणि धरवेना. वैद्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या वाडीत एका तरुण सुनेची हकीगत तशीच निघाली: आधी सांधे सुटले, मग पाय सुजले. फरक एवढाच, की काढ्यामुळे सून फार लवकर कामाला लागली आणि ऐटीत बोलू लागली, म्हणून रागाने सासूने बाटली फोडून टाकली होती. त्यानंतर सूज ओसरली. सासूला अजून वाटत होते, की आपण सुनेची खोड मोडली.

परतीच्या वाटेवर शिष्य चाकाकडे पाहत होता. मग तो म्हणाला, "दोघीच ना, गुरुजी? एवढ्या ढिगासमोर दोघीच."

वैद्यांनी गाडी झाडाखाली थांबवायला सांगितली.

"आपल्या अंगणात यायला काय लागतं?" ते म्हणाले. "पाय लागतात. ज्याचे चालतात तो येतो. ज्याचे चालत नाहीत तो घरी बसतो, आणि जो उरलाच नाही तो कुठून येणार? आपण पडवीत बसून चालत आलेल्यांनाच विचारत होतो, चालता येतं का म्हणून. सगळे हो म्हणाले. त्यांतला एकही खोटं बोलला नाही. आपण विचारलं फक्त त्यांनाच, एवढी आपली चूक. या दोघी ढिगाबाहेरच्या, त्या आज दिसल्या. असे आणखी किती, ते ढिगाला माहीत नसतं."

"तुम्हाला हे आधीच माहीत होतं?"

"माहीत असतं तर या वयात गाडीत बसून हाडं कशाला खिळखिळी केली असती?"

"म्हणजे मुळी विषारी आहे."

"बघ, पुन्हा घाई. ढीग पाहून हो म्हणालास, आता दोन दारं पाहून नाही म्हणतोस. कोणाला ती तारते, कोणाला मारते, कोण तिच्याशिवायच बरा होतो, यातलं मला काहीच ठाऊक नाही. तुलाही नाही. एवढं मात्र आज ठाऊक झालं, की ठाऊक नाही. अजून पुष्कळ गावं आहेत."

"आणि अक्काला काय सांगू?"

वैद्यांनी गाडीवानाला खूण केली. गाडी हलल्यावर ते म्हणाले, "ते माझ्या तोंडून घेऊ नकोस."

बाजाराचा दिवस उजाडला. व्यापारी खरोखरच गाड्या घेऊन आला. शिष्याने त्याला ओढ्याकाठच्या बाईची आणि वाडीतल्या सुनेची हकीगत सांगितली. व्यापाऱ्याने ती सहानुभूतीने, म्हणजे घड्याळाकडे पाहत, ऐकून घेतली.

"दोन माणसं," तो म्हणाला. "अहो, माणसं बैल उधळूनही मरतात. म्हणून कोणी बैल पाळायचे सोडतं का?"

"बैल उधळतो हे लोकांना माहीत असतं," शिष्य म्हणाला. "चिठ्ठीवर तुम्ही काय छापलंय?"

"छापलंय ते छान छापलंय."

"मुळी कुठे मिळते ते मी सांगणार नाही."

"नका सांगू. डोंगर काही तुमच्या एकट्याच्या मालकीचा नाही." व्यापारी गाड्या वळवून निघाला. तो दुसरा कोणी वैद्य गाठेल, हे शिष्याला दिसत होते, आणि त्याला अडवायचे कसे ते दिसत नव्हते. तो तसाच रस्त्यावर उभा असताना नदीकडून अक्काची गाडी आली.

दोघांनी धरून तिला पडवीत आणून बसवले. तिची बोटे पसरलेलीच होती.

"कुठाय ती बाटली?" तिने बसल्या बसल्या विचारले. "गाडीवानाने एकही दगड सोडला नाही वाटेतला. दे लवकर."

शिष्य तिच्यासमोर बसला आणि त्याने सगळे सांगितले. छपरावरचा माणूस, म्हातारी, ओढ्याकाठचे घर, सासूने फोडलेली बाटली. काही गाळले नाही. सांगताना त्याला वाटत होते, तिने मधेच थांबवावे. तिने थांबवले नाही.

"नाही घेतलं तर मी मरेन का?"

"नाही. पण दुखेल. किती दिवस ते सांगता येत नाही."

"आणि घेतलं तर?"

"बरी होशील. बहुतेक. नाहीतर..." तो थांबला. "मला माहीत नाही, अक्का."

"आमच्या शेजारणीला दिलास ना? ती आता नदीवर धुणी धुते. येताना मला हात हलवून दाखवले तिने. दोन्ही."

"हो."

अक्का आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "ती ओढ्याकाठची. तिला भाऊ होता का रे?"

"मी विचारलं नाही."

"तिला हे सगळं सांगितलं होतंस, मला सांगितलंस तसं?"

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे." ती म्हणाली. पायाला कळ आली असावी. तिने ओठ घट्ट मिटले आणि कळ ओसरू दिली. "मग राहू दे. दुखू दे मला अजून थोडं. तू नीट शोधून ये. पण लवकर ये, हे काही सुखाचं नाही."

दुपार झाली होती. शिष्याने आतून ताट आणले, भात कालवला आणि तिच्या तोंडात घास दिला. तिने तो चावला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "मीठ कुठाय यात? जग बरं करायला निघालाय."

वैद्य पडवीच्या टोकाला बसून सुपारी कातरत होते. शिष्याने त्यांच्याकडे न पाहताच विचारले, "गुरुजी, उद्या कुठल्या गावाला जायचं?"

आजही एखाद्या नव्या औषधाने अमुक इतक्यांना गुण आला अशी बातमी येते. ती वाचणाऱ्याने उरलेल्यांचे काय झाले एवढे विचारावे, कारण आपण होऊन ते कोणी सांगायला येत नाही.